गोल मोडून केलेली रांग

माझा भाचा डब्लिनला नोकरीला आहे. मागच्या हिवाळ्यात तिथल्या एका पबमधून गाणं ऐकून आला आणि रात्रीच फोन केला. "मामू, मी फक्त संत्र्याचा रस प्यालो, अम्मीला पबचं सांगू नका." पण त्याचं नवल वेगळंच होतं. सात-आठ वादक एका टेबलाभोवती तोंडाला तोंड करून बसलेले. फिडल, बासरी, बोधरान नावाचा डफ. अर्ध्या लोकांकडे त्यांची पाठ. मध्येच एक म्हातारी उठली, हात सरळ खाली सोडून नुसत्या पायांनी नाचली आणि परत जागेवर बसली. "कार्यक्रम कधी सुरू होतो म्हणून मी वाट बघत होतो, तर तो तासाभरापासून सुरूच होता."

मला भामरागडकडचा रेला आठवला. तिथेही तोंड आतल्या बाजूला असतं. हातात हात, पाय एका ठेक्यात, एक बाजू गाते, दुसरी उत्तर देते. पाहुणा बाहेर उभा राहून पाठी बघतो आणि त्यात त्याचा अपमान नसतो, कारण नाच त्याच्यासाठी नसतोच.

तोच रेला मी एका सरकारी महोत्सवात पाहिला. गोल मोडून रांग केलेली, तोंडं पाहुण्यांच्या सोफ्यांकडे. वेळ आठ मिनिटं. गाणं रंगात येत होतं तेवढ्यात निवेदकाने "धन्यवाद" म्हटलं. मग एक साहेब टोपी घालून मधे घुसले, फोटो झाला. नाचणाऱ्या पोरींच्या जेवणाची पाकिटं उशिरा आली, हे मला शेजारच्या मास्तरांनी सांगितलं. याला आम्ही संस्कृती जपणं म्हणतो.

मंचाला माझा विरोध नाही. आयर्लंडचाही नाच 1994 मध्ये युरोव्हिजनच्या मध्यंतरात 'रिव्हरडान्स' म्हणून मंचावर गेला आणि जगभर फिरला. आमच्याकडे झाडीपट्टीची रंगभूमी आहेच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरली की रात्री नाटक. कंपन्यांचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, तिकीट लावतं, माणसं घोंगड्या गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. इथल्या प्रेक्षकाला ते सांगावं लागलं नाही. तिकीट काढणारा माणूस नट वाईट असेल तर ओरडतो. सोफ्यावरचा पाहुणा टाळ्याच वाजवतो.

या नाटकांमधल्या रेकॉर्ड डान्सवर सभ्य लोक नाक मुरडतात. काही नाच मलाही आवडत नाहीत. पण "बंद करा" म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. आयर्लंडमध्ये 1935 साली सार्वजनिक नाचाला परवाना लागेल असा कायदा झाला. त्यामागे पाद्र्यांचा मोठा रेटा होता. नाचगाण्याने पोरं बिघडतात, हीच काळजी. झालं काय, तर खेड्यातल्या घराघरांत, चुलीपुढे चालणारे नाच मोडले. ज्याला परवाना परवडतो त्याचा हॉल मात्र चालला.

हे वाचताना मला आमचे मोहल्ल्यातले हजरत दिसले. लग्नात ढोलक वाजली की निकाह न पढवता परत जाण्याची धमकी द्यायचे. ते गेले, ढोलकही गेली. बायकांची रात्रभर चालणारी गाणी ज्या खालांना येत होती त्यातल्या एकच उरल्यात. आता लग्नात डीजे असतो आणि त्याला कोणी हजरत अडवत नाही. घरातली ढोलक अडवता येते, भाड्याचा डीजे नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. रेला बोलवायचा तर मैदान द्या, तास-दीड तास द्या, मानधन आणि जेवण वेळेवर द्या, आणि गोल मोडू नका. पाहुण्यांना पाठी दिसल्या तर दिसू द्या.

भाचा दिवाळीला येतोय. त्याला म्हटलंय, मंडईच्या दिवसांपर्यंत थांब, वडशाकडे जाऊ. घोंगडी मी देतो. अम्मीला हेही सांगायचं नाही का, असं विचारत होता. म्हटलं, तिला सोबतच घेऊ.