भरतीची पोरं हायवेवर अन् माळ मोकळा. धावायला वाट द्यायची कुणी?

राज्य मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली आणि सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पहाटेची वर्दळ वाढली. मोहोळ घ्या, माढा घ्या, करमाळा घ्या, साडेचार-पाचला गावाबाहेर पडलं की अंधारात पळणारी पोरं दिसतात. कुणाच्या अंगावर काळा टी-शर्ट, कुणाच्या हातात मोबाईलची बॅटरी. मागून ट्रक आला की साईडपट्टीवर उतरायचं, तो गेला की परत डांबरावर.

याचा शेवट काय होतो तेही आपण पाहिलंय. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातल्या घोडका राजुरीजवळ एसटी बसची धडक बसून भरतीची तयारी करणारे तीन तरुण जागीच गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या काटलीजवळ रस्त्याकडेला व्यायाम करणाऱ्या मुलांना ट्रकनं उडवलं, चार मुलं गेली. तीही शाळकरी वयाची. दोन्ही वेळेला मदत जाहीर झाली, चालकावर गुन्हा दाखल झाला. पण ही पोरं पहाटे रस्त्यावरच का होती, हा प्रश्न तसाच राहिला.

'रस्त्यावर कशाला पळता' असं म्हणणं सोपं आहे. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० गुण एकट्या धावण्याला. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलाला पैकीच्या पैकी पाहिजेत तर १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदात मारावे लागतात. यात एकेका सेकंदाला किंमत आहे, म्हणून पोरांना मोजलेलं अंतर लागतं आणि पायाखाली सपाट जागा लागते. आपल्या भागात काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्यावर बूट उचलत नाही आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्याला ढेकळं. शाळेचं मैदान एक तर लहान, नाहीतर फाटकाला कुलूप. तालुका क्रीडा संकुलांच्या अनुदानाची मर्यादा २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी झाली, चांगली गोष्ट आहे. पण संकुल तालुक्याच्या गावाला. १८-२० किलोमीटरवरच्या वाडीतलं पोरगं पहाटे तिथं रोज जाणार कशानं? मग उरतो हायवे, तिथं किलोमीटरचे दगडही आयतेच रोवलेले असतात.

त्यात आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. गाळप हंगामात पहाटेच्या वेळी रस्त्यावर कोण असतं ते सांगायला नको. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, मागं धड लाल दिवा नाही, उसाची टिपरं बाहेर आलेली. ड्रायव्हर रात्रभराचा जागा. आणि त्याच हंगामात पोरांचा सराव सगळ्यात जोरात.

आता जरा रस्त्यावरून नजर काढून दोन्ही बाजूंना बघू. जागा नाही हे कारण आपल्या जिल्ह्यात टिकत नाही. उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळ्याच्या पट्ट्यात मुरमाड माळ आहे. वन विभागाची रोपवनं आहेत. जवळपास प्रत्येक गावाच्या शिवारात पाझर तलाव आहे, सोलापूरजवळ ब्रिटिशकाळातला हिप्परगा तलाव आहे, करमाळ्याला उजनीचं बॅकवॉटर लागतं. आणि उजनीचे डावा-उजवा कालवे गावागावांतून गेलेत, त्यांच्या कडेनं तपासणीचा रस्ता आहे. माळ, झाडी आणि पाणी या तिन्हींच्या कडेनं पळायला शहरातली माणसं सुट्टी काढून, पैसे भरून लांब जातात. आपल्याकडं ते घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथं वाट नाही.

या तिन्हींत पळायला माळ सगळ्यात चांगला. मुरूम पाणी धरत नाही, त्यामुळं मोठा पाऊस झाला तरी लवकर मोकळा होतो. डांबराच्या मानानं जमीन पायाला नरम लागते. नडग्या दुखतात म्हणून महिना-महिना बसून राहिलेली पोरं प्रत्येक अकॅडमीत सापडतील, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं रोजच्या डांबराचं असतं.

खर्चाचं म्हणाल तर हिशोब करून बघा. ४०० मीटरचा पूर्ण ट्रॅक करायचा तर साधारण चार एकर सपाट जागा लागते, ती प्रत्येक गावाला मिळणार नाही. पण ८०० मीटर लांब आणि १० फूट रुंद सरळ वाट केली तर जागा जाते जेमतेम २४-२५ गुंठे. एकदा जाऊन आलं की १६०० मीटर पूर्ण. मुरूम पसरायचा, रोलर फिरवायचा, दर १०० मीटरला चुना मारलेला दगड. खेळाच्या मैदानाचं काम रोजगार हमीतून घेता येतं हेही अनेक सरपंचांना माहीत आहे. एवढ्यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही.

मात्र माळ म्हणजे पडीक, असं धरून चालणंही चूक. नान्नजचा माळ माळढोक अभयारण्याचा आहे. तिथं परवानगीशिवाय शिरताच येत नाही, आणि ते बरोबरच आहे. लांडगा, खोकड, काळवीट तिथं राहतात, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी पावसाळ्यात गवतात बसतात. तिथं पहाटे पन्नास पोरं शिट्ट्या मारत घालायची नाहीत. अभयारण्याबाहेरचं गायरान, गावाला लागून असलेली कड, ही जागा बघायची. तिथंही मेंढरांची वाट अडवायची नाही, नाहीतर वाट होण्याआधी भांडण होईल. आणि गायरान राहील तोपर्यंतच ही गोष्ट आहे. सौर कृषी वाहिनी योजनेत ठिकठिकाणी गायरानं सौर प्रकल्पाला जातायत. दिवसा वीज शेतकऱ्यालाच हवी आहे, त्याला विरोध नाही. पण ठराव करतानाच कडेचे २५ गुंठे राखून ठेवले तर बिघडतं कुठं? एकदा तारेचं कुंपण पडलं की ती जागा पुन्हा मागता येत नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात माळरानाला प्रेअरी म्हणतात. तिथली मूळ प्रेअरी शेतीसाठी जवळपास सगळी नांगरली गेली, एक टक्कासुद्धा उरली नाही. १९६३ मध्ये मे वॉट्स नावाच्या निसर्ग अभ्यासक बाईंनी शिकागोच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की बंद पडलेल्या रेल्वेचा पट्टा विकून टाकू नका, तिथं चालायची वाट करा. त्या पत्रातून 'इलिनॉय प्रेअरी पाथ' उभा राहिला. आज तो सुमारे १०० किलोमीटरचा आहे आणि लोक त्यावर पळतात, सायकली चालवतात. शिकागोच्या कुक काउंटीनं तर १९१४ पासूनच जंगल आणि गवताळ जमिनी लोकांसाठी राखायला सुरुवात केली होती. त्यांच्याकडं पैसा होता हे खरं. पण पट्टा विकायच्या आत कुणीतरी तो मागितला, हेही तितकंच खरं.

लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यातून जाणारा पालखी मार्ग बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये पंढरपुरात त्याचं भूमिपूजन झालं तेव्हा रस्त्याकडेला वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट आराखड्यात धरलेली होती. म्हणजे महामार्ग आखताना पायी माणसाचा विचार होऊ शकतो. मग माळशिरस, वेळापूर पट्ट्यातल्या पोरांनी वर्षभर त्या वाटेवर पळायला कुणाची हरकत असावी? फक्त तिथं टपऱ्या आणि उभे ट्रक येऊ द्यायचे नाहीत.

खरं घोडं पेंड खातं ते मालकीत. माळ महसूलचा किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यातला, रोपवन वन विभागाचं, छोटा तलाव जिल्हा परिषदेचा किंवा मृद व जलसंधारणचा, कालवा जलसंपदाचा. पोरं कुणाचीच नाहीत. कालव्याचा रस्ता रोज पळण्याजोगा असला तरी आवर्तन चालू असताना अस्तरीकरणावरून पाय घसरला तर वर यायला धरायला काही नसतं. तिथं कडेला कठडा किंवा निदान झुडपाची ओळ लागेल, आणि ते काम खात्याच्या परवानगीशिवाय होत नाही. मोठ्या धरणाच्या भिंतीचा तर विचारच नको, तिथली बंदी सुरक्षेसाठी आहे. पाझर तलावाच्या मागची, पाणी न चढणारी कड घेतली तर अडचण कमी.

मुलींचं वेगळं बोलायला हवं. आज मुलगी पळते तेव्हा मागं बाप किंवा भाऊ मोटारसायकलचा दिवा लावून येतो. ज्या घरात तसं कुणी मोकळं नाही तिथली मुलगी अर्जच भरत नाही. म्हणून वाट निर्जन माळाच्या मधोमध नको. वस्तीच्या नजरेत हवी, सुरुवातीला आणि शेवटाला एकेक सौरदिवा हवा. शिवाराला ऊस आणि बिबट्याची चाहूल असेल तर उसाच्या फडाला चिकटून वाट आखूच नये, आणि उजाडल्याशिवाय एकट्यानं पळू नये.

वाट होईपर्यंत पोरं डांबरावरच असणार, तेव्हा एवढं तरी पाळा. रस्त्याच्या उजव्या कडेनं पळा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. काळे कपडे नकोत, चमकणारी पट्टी असलेलं जाकीट घाला. कानात इअरफोन नको. चौघं असाल तर एकामागं एक. अकॅडमीवाल्यांनी पोरांची फी घेतली आहे, त्यांनी पुढं-मागं दिवा घेतलेला एकेक माणूस ठेवायलाच हवा.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा तर ठरलेल्याच. अर्ज आठ दिवस आधी ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. त्यात गट नंबर लिहा, जागा कुणाच्या नावावर आहे तो सातबारा जोडा, लांबी-रुंदी लिहा, आणि गावातली किती मुलं-मुली सध्या रस्त्यावर पळतात त्यांची नावं सह्यांसकट द्या. जागा दुसऱ्या खात्याची निघाली तर ठरावाची एक प्रत त्या खात्याला आणि एक जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना पाठवा.