धुक्याला दोष देऊन मोकळे!

'खराब हवामानामुळे विमान कोसळले' ही बातमी आपण इतक्यांदा वाचलीय की त्यात काही खटकतच नाही. मला खटकतं. हवामान काय कुठून धावत येऊन धडकतं का? ते तिथेच असतं. आत शिरतो आपण.

२ ऑक्टोबर २०२४ला सकाळी बावधनला हेलिकॉप्टर कोसळलं. जुहूला निघालं होतं, उडून जेमतेम काही मिनिटं झालेली. दोन पायलट आणि एक इंजिनिअर, तिघेही गेले. दाट धुकं, असं तेव्हा कारण सांगितलं गेलं. त्याच्या आधी, २४ ऑगस्टला पौडजवळ भर पावसात एक हेलिकॉप्टर पडलं होतं. त्यातले चौघे वाचले.

आपण पडलो इंजिनिअरिंगवाले. लगेच विचारणार, जीपीएस नव्हतं का, ऑटोपायलट नव्हता का? पण मित्रांनो, आधी स्वतःच्या कानाकडे बघा. तोल सांभाळणारा सेन्सर तिथे आहे, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका. हा सेन्सर फिरण्याचा वेग सांगत नाही, वेगातला बदल सांगतो. वळण एकसारखं चालू राहिलं की थोड्या वेळाने तो म्हणतो, सगळं सरळ चाललंय! क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक पकडतात. ढगात कोण पकडणार? १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग केला. नुसत्या उपकरणांवर उडवायचा अनुभव नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसू न देता विमान चालवायला दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. आपल्या कँटीनचा चहा यायला याहून जास्त वेळ लागतो.

बरं, अनुभवी माणूस वाचतोच असंही नाही. २६ जानेवारी २०२०ला कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर पडलं, नऊ जण गेले. पायलट रेडिओवर सांगत होता, ढगांच्या वर चढतोय, आणि हेलिकॉप्टर खाली येत होतं! तपासात असं निघालं की त्याला कुणी 'चलच' म्हटलं नव्हतं. दडपण बहुधा त्याचं त्यानेच घेतलं होतं.

मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे छोट्या विमानांतून बरेचदा नेतेमंडळी जातात. ३० सप्टेंबर २००१ला माधवराव शिंदे कानपूरच्या सभेलाच निघाले होते. मैनपुरीजवळ खराब हवेत विमान पडलं, आठही जण गेले. सभा अकराची, लोक उन्हात ताटकळलेले, साहेब तयार होऊन आलेले... अशा वेळी 'सर, आज नको' म्हणणं सोपं नाही. आपल्याला व्हायवात साधं 'येत नाही' म्हणवत नाही!

म्हणून माझं म्हणणं असं, की पायलटने हवा बघून उड्डाण रद्द केलं तर त्याला आणि त्याच्या कंपनीला पूर्ण पैसे मिळाले पाहिजेत, आणि 'का' हे विचारायला प्रवाशाने त्याला फोन करायचा नाही. महाग पडेल? पडू दे. पुण्याहून जुहूला गाडीनेही जाता येतं, एक्सप्रेसवेवर जॅम असला तर वैताग येतो एवढंच.