आटत चाललेली करुणा

नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. पहिल्या २४ तासांतील २४ मृतांत १२ नवजात बालके होती. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी तेथील प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावले. खासदारांवर गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, औषधखरेदी आणि रिक्त पदे यांवर चर्चा झडल्या. परंतु ज्यांनी एकामागून एक मृत्यू पाहिले आणि ज्यांना पुढची पाळीही करावयाची होती, त्या परिचारिका व निवासी डॉक्टरांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

या अवस्थेला 'करुणेचा थकवा' म्हणतात. १९९२ मध्ये कार्ला जॉयन्सन यांनी परिचारिकांच्या संदर्भात ही संज्ञा वापरली. पुढे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी तिचा विस्तार केला. कामाच्या ओझ्याने येणारा शीण आणि हा थकवा एकच नव्हेत. शीण कामाच्या परिस्थितीतून येतो. करुणेचा थकवा दुसऱ्याचे दुःख सतत अंगावर घेण्यातून येतो. झोप उडते, चिडचिड वाढते, आणि अखेरीस समोरचा माणूस 'केस' वाटू लागतो. नातेवाइकांना जी बेपर्वाई दिसते, तिच्यामागे पुष्कळदा आटलेली माया असते.

हिंगोलीत या दुखण्याला आणखी एक पदर आहे. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार असून ती बहुतांशी ग्रामीण आहे. हळद आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात अपघात विभागात येणारे रुग्णही शेतीशी बांधलेले असतात. कोणाला साप चावलेला असतो, कोणी कीटकनाशक प्यालेले असते, तर कोणी महामार्गावर जखमी झालेले असते. प्रकृती गंभीर झाली की रुग्णाला ८०-९० किलोमीटरवरील नांदेडला 'रेफर' केले जाते.

येथेच मर्म आहे. पहिला, सर्वांत भीषण तास हिंगोलीच्या वाट्याला येतो. बरा झालेला रुग्ण मात्र नांदेडहून परस्पर घरी जातो. विषबाधेच्या रुग्णाला रात्रभर अॅट्रोपिन देत जागलेल्या परिचारिकेला तो वाचला की गेला हे कळण्याची सोय नसते. आपल्या हातून कोणी वाचले, हे समाधानच करुणेची झीज भरून काढते. तेच व्यवस्थेने हिरावलेले आहे.

आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कायदा हात रोखू शकतो, मन सावरू शकत नाही. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक नसावे, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये केली. कमाल मर्यादाच ७४ तासांची सुचवावी लागते, यातच सारे आले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीसह राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. ही स्वागतार्ह बाब होय. तथापि, साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पाहता पहिल्या तुकडीची आंतरवासिता २०२९ च्या सुमारास सुरू होईल. तोवर भार आजच्याच खांद्यांवर राहणार आहे.

उपाय खर्चिक नाहीत. पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे नांदेडने हिंगोलीला कळविण्याची आठवडी पद्धत लावता येईल. अपघात विभागातील नेमणूक ठराविक मुदतीने पालटता येईल. मृत्यूची बातमी देण्याचे काम एकट्या कनिष्ठ डॉक्टरवर न टाकता ज्येष्ठाने सोबत उभे राहावे. कठीण रात्रीनंतर अर्धा तास एकत्र बसून बोलण्यास जागा असावी. १४४१६ ही 'टेली-मानस' सेवा कर्मचाऱ्यांसाठीही आहे, हे त्यांना सांगितले पाहिजे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी अरुणा शानबाग यांची १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे शुश्रूषा केली. ती करुणा टिकली, कारण ती एकीच्या माथी नव्हती. पिढ्यान्पिढ्या वाटून घेतलेली होती. हिंगोलीच्या रात्रपाळीत आज तिला वाटेकरी नाही. करुणेची सक्ती करता येत नाही. तिची राखण मात्र करता येते, आणि ते शासनाचे कर्तव्य आहे.