चाल परत घेणाऱ्यांची रडकथा

'फायर एम्ब्लेम'मध्ये मेलेला सोबती परत येत नाही, हीच त्या खेळाची थोरवी आणि नव्या पिढीने ती घालवली, असा गळा काढणाऱ्या जुन्या खेळाडूंचे आम्हांला नवल वाटते. १९९० साली फॅमिकॉमवर हा खेळ अवतरला तेव्हापासून रीसेटचे बटण होतेच की! एक धनुर्धर पडला की तोच नकाशा पहिल्यापासून मांडणारे वीर हेच. मृत्यूचा स्वीकार यांनी केला कधी?

२०१० मध्ये पडलेला सोबती पुढच्या लढाईत परत आणणारा कॅज्युअल मोड आला, २०१७ मध्ये चाली उलटवण्याची सोय आली, २०१९च्या 'थ्री हाउसेस'ने ती पुढे चालवली. या सोयींनी ढोंग तेवढे संपवले.

तरीही आमची तक्रार आहे, आणि ती निराळी आहे. रीसेटला किंमत होती. शेवटच्या खेपेस चुकले की तासाभराची मांडणी पाण्यात जाई. म्हणून शत्रूच्या घोडेस्वाराचा पल्ला मोजल्यावाचून आमचा हात हलत नसे. आता आम्ही आधी चालतो, फटका बसला की उलटवतो. (उलटवण्याच्या संधी मोजक्याच असतात हे खरे, आमच्या तरी क्वचितच संपल्या.) सोबती वाचतो, त्याची काळजी मात्र उरत नाही.

अपवाद एकच. 'थ्री हाउसेस'मध्ये ज्यांना चहाला बोलावले, त्यांतलेच काही पाच वर्षांनी समोरच्या सैन्यात उभे ठाकतात. तिथे चाल उलटवून काहीच सुटत नाही. आणि त्या साऱ्या खेळातली तेवढीच लढाई आम्हांला आज नीट आठवते.