कृपया हात लावा

वस्तुसंग्रहालयात शिरताच पहिली पाटी भेटते ती ‘कृपया हात लावू नये’ ही. ब्राझीलच्या शिल्पकार लिजिया क्लार्क (1920–1988) यांनी आपल्या कलेतून ही पाटीच उतरवली. 1960 मध्ये त्यांनी ‘बिशोस’, म्हणजे ‘प्राणी’, ही शिल्पमालिका सुरू केली. धातूचे सपाट पत्रे बिजागऱ्यांनी जोडलेले. ते प्रेक्षकाने उघडावेत, मिटावेत, उलटवावेत. एक पाते हलवावे तर दुसरे भलतीकडेच वळते. खेळात माणूस एकटा नसतो, शिल्पही खेळते.

1963 मध्ये क्लार्कबाई आणखी पुढे गेल्या. कागदाची लांब पट्टी घ्यायची, एक पीळ देऊन टोके चिकटवायची आणि कात्रीने लांबीच्या दिशेने मधोमध कापत जायचे. सुरुवातीच्या जागी परत आलो की डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे आपण ठरवायचे. पट्टी अरुंद होत जाते. शेवटी कात्रीला वाटच उरत नाही. हाती राहतो कागदाचा गुंता. कला त्यात नाही, ती कापण्यात होती.

2014 साली न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. तेथे मूळ ‘बिशोस’ना हात लावण्याची मुभा नव्हती, हाताळण्यासाठी प्रतिकृती ठेवल्या होत्या. कोणी म्हणेल, ही शुद्ध फसवणूक! मला तसे वाटत नाही.

उपयोग-मूल्य आणि विनिमय-मूल्य यांतला भेद आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पाठच असतो. ॲडम स्मिथने 1776 मध्ये त्यासाठी पाणी आणि हिरा यांचा दाखला दिला. पाण्यावाचून चालत नाही, पण त्याच्या बदल्यात फारसे काही मिळत नाही. हिऱ्याचे नेमके उलट. मूळ ‘बिशोस’चा आता हिरा झाला आहे. प्रतिकृती मात्र पाणीच राहिली, आणि तहान पाण्यानेच भागते.

मूळ वस्तू जपलीच पाहिजे. हजारो हातांनी बिजागरी सैल होणार, पत्रा झिजणार. पण जी कला हातासाठीच घडली, ती नुसती दुरून दाखवणे म्हणजे तबला काचेत ठेवून संगीत ऐकवल्याचा दावा करण्यासारखे आहे. म्हणून अशा शिल्पाशेजारी प्रतिकृती ठेवणे ही प्रेक्षकांना दिलेली सवलत नव्हे. ते संग्रहालयाचे कर्तव्यच होय.

कात्री-कागदाच्या खेळाला तर प्रतिकृतीचीही गरज नाही. वहीच्या पानाची पट्टी कापा, पीळ द्या, चिकटवा आणि कात्री चालवा. मूळ कलाकृती तुमच्याच हातात असेल.