चाळीसगावचा टांगा आणि आपले सर्वेक्षणाचे फॉर्म



आपल्या पोरांना सध्या आकड्यांचे वेड लागले आहे. कुठे काही घडले की लगेच गुगल फॉर्म तयार होतो, शंभर-दोनशे जणांकडून भरून घेतला जातो आणि संध्याकाळी टक्केवारीची पोस्ट पडते. आकडा लागतोच, माझा त्याला विरोध नाही. पण फॉर्म भरला म्हणजे संशोधन झाले, हे मला मान्य नाही. याचा पुरावा आपल्या खानदेशातच आहे.

अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ मध्ये त्यांच्याकडे आणि आणखी एका सदस्याकडे खानदेशचे दोन्ही जिल्हे आले. काम आटोपून परतताना बाबासाहेब धुळे लाइनवरच्या एका गावी गेले, तिथल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी केली आणि चाळीसगावला आले. वस्तीने मुक्कामाचा आग्रह धरला होता. स्टेशनवर बराच वेळ थांबल्यावर टांगा आला. हाकणारा अगदीच नवखा, एका मोटारीवर आदळता आदळता राहिला. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत.

नुसते निरीक्षण करणाऱ्याने वहीत काय लिहिले असते? टांगेवाल्याला टांगा हाकता येत नव्हता, एवढेच. खरे कारण नंतर लोकांकडून कळले. एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी तडजोड झाली, टांगा भाड्याने देतो पण हाकणार नाही. म्हणून वस्तीतलाच एक जण लगाम धरून बसला.

म्हणजे मुलाखत श्रेष्ठ, असेही नाही. वस्तीने ही गोष्ट बाबासाहेबांना आधी सांगितलीच नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाला पायी न्यायचे, हे त्यांना कमीपणाचे वाटले. साक्षात बाबासाहेबांपुढे अपमान झाकला गेला, तर तुमच्या-माझ्यापुढे पहिल्याच भेटीत तो कोण उघडा करणार? आणि त्या टांगेवाल्यांना प्रश्नावली दिली असती, ‘आपण भेदभाव करता का?’, तर शंभर टक्के ‘नाही’ आले असते. त्याचाही कुणी सुंदर आलेख काढला असता!

आजही तेच आहे. रावेर-यावलकडे ज्याच्या केळीच्या बागेत मजुरी करायची, तोच बागाईतदार शेजारी उभा असताना मजूर ‘आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदाने राहतात’ असेच सांगणार.

गावात राहून अभ्यास करण्याचे विद्यापीठात फार कौतुक होते. पण राहायचे कुणाच्या घरी? एम. एन. श्रीनिवास यांचे ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ आम्हाला आदर्श म्हणून शिकवले गेले. ते गावच्या मुख्याच्या बैलघरात राहिले होते. तिथून गाव जसे दिसते, तसे आपल्या वस्तीतून दिसत नाही. हा प्रश्न आमच्या वर्गात कुणी काढला नाही.

आता आकड्याची ताकद बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख, तर महार ही जात नोंदवलेले सुमारे ८० लाख. एवढे मोठे चित्र कुठलीही मुलाखत देऊ शकत नाही. पण जात महार आणि धर्म हिंदू असे लाखो घरांत का लागले? लोकांनी तसे सांगितले, प्रगणकाने न विचारताच लिहिले, की सवलती जातील या भीतीने बौद्ध म्हणायचे टाळले? १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, हे किती घरांत पोहोचले? जनगणनेच्या तक्त्यात याचे उत्तर नाही. २०२७ च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे, तेव्हा हे प्रश्न पुन्हा दारात येतील.

जळगाव-धुळ्यातल्या कार्यकर्त्यांनी आत्ताच एकेक वस्ती धरावी. फॉर्म सगळ्या घरांचा भरा, पण चार-पाच घरांत फॉर्म न काढता दोन-तीन संध्याकाळी बसा. बायकांशी आपल्या ताईंनी वेगळे बोलावे. आणि प्रत्येक फॉर्मवर एक रकाना वाढवा: उत्तर देताना शेजारी कोण उभे होते?