बी.कॉम.च्या पोराला हिशोबपट्टी वाचता येते का?

तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम. नाहीतर अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या पोरांना मागणीची लवचिकता तोंडपाठ असते. पण बापाच्या कांद्याची हिशोबपट्टी समोर ठेवली, की हमाली कुठे, तोलाई कुठे आणि हातात नेमके किती, हे सांगताना गडबड होते. दोष पोरांचा नाही. परीक्षाच गाईड आणि पाठांतरावर चालत आली.

नवीन शैक्षणिक धोरणाने यात बदल करायला घेतलाय. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून ते पहिल्या वर्षाला लागू झाले. त्यात फिल्ड प्रोजेक्ट आहे आणि तिसऱ्या वर्षात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी. त्याला ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. रोजचे आठ तास धरले तर पंधरा दिवस.

आता हे पंधरा दिवस काढायचे कुठे? शहरात कंपन्या आहेत, सीएंची ऑफिसे आहेत. तालुक्याला दोन-चार टॅक्सवाले, पतसंस्था आणि आडत दुकाने. एकदम शंभर पोरं गेली तर बसवणार कुठे? मग ओळखीच्या दुकानाचा शिक्का, सर्टिफिकेट आणि विषय संपला. शहरात जायचे तर खोलीभाडे कोण भरणार? एसटीच्या पासवर शिकणाऱ्या पोरीला तर घरूनच नकार.

खरं तर जागा गावातच आहेत. विकास सोसायटी, बाजार समिती, बचत गटांचे ग्रामसंघ. शेतकरी उत्पादक कंपनीचेच बघा. ती कायद्याने कंपनी आहे, त्यामुळे दरवर्षी ऑडिट आणि रिटर्न चुकत नाही. संचालक सगळे शेतकरी, बऱ्याच ठिकाणी बिले पिशवीत भरून शहरातल्या सीएकडे जातात. तिथे बी.कॉम.च्या पोराने वर्षाची बिले लावली, तरी दोघांचा फायदा.

म्हणून पुस्तक फेकून द्या म्हणणारेही चुकतात. टॅली महिन्याभरात जमते, पण भाव का पडला ते टॅली सांगत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. मे २०२४ मध्ये उघडली ती ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ ला निघाले. बाहेरची वाट अडली की माल इथेच साचतो. आणि कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही, त्यामुळे थोडी आवक वाढली तरी भाव धाडकन खाली. मागणीची लवचिकता ती हीच! बाजार समितीची रोजची आवक आणि भाव फळ्यावर मांडले, तर हा धडा एका तासात डोक्यात बसेल. त्याला कुठला जीआर लागत नाही.

२०२४ ला प्रवेश घेतलेली पोरं २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षाला. पालकांनी आत्ताच कॉलेजात जाऊन विचारावे: ओजेटी कुठे, तास कोण मोजणार आणि त्या संस्थेशी लेखी करार झालाय का?